हिरवे आकडे, लाल आकडे : शेअर बाजाराचा ‘डेप्थ’ आपल्या पोरांना काय दाखवतो आणि काय लपवतो

सकाळी सव्वानऊला भिवंडीत कुठल्याही नाक्यावरच्या टपरीवर जा. धामणकर नाका असो, वंजारपट्टी असो की शांतीनगर. चहा गार होत असतो आणि पोरांच्या माना मोबाईलमध्ये. पूर्वी या वेळेला क्रिकेटचा स्कोअर बघितला जायचा. आता स्क्रीनवर दोन रकाने असतात : डावीकडे हिरवे किंवा निळे आकडे, उजवीकडे लाल. दर सेकंदाला आकडे बदलतात. कुणीतरी म्हणतं, “बघ, बायर किती आहेत! आता वर जाणार.” आणि बोट दाबलं जातं.

घरी अब्बांना वाटतं पोरगा मोबाईलवर टाइमपास करतोय. काहींना माहीत असतं, पण “शेअर बाजार म्हणजे शिकलेल्या लोकांचं काम” म्हणून ते गप्प बसतात. हे दोन रकाने नेमके काय आहेत, ते एकदा घरातल्या मोठ्यांनीही समजून घेतले पाहिजेत, असं आम्हाला वाटतं. कारण आता यात अडकलेली माणसं थोडीथोडकी नाहीत. सेबीने जुलै २०२४ मध्ये रोखीच्या बाजारातल्या इंट्राडे व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सकाळी घेतलं आणि त्याच दिवशी विकलं, असे व्यवहार करणारे लोक २०१८-१९ मध्ये सुमारे १५ लाख होते. २०२२-२३ मध्ये ते जवळपास ६९ लाख झाले. त्यात तिशीच्या आतली पोरं आधी १८ टक्के होती, ती ४८ टक्क्यांवर गेली. आणि त्या वर्षी दहापैकी सात जण तोट्यात होते. तरुणांमध्ये हे प्रमाण आणखी जास्त, ७६ टक्के.

म्हणजे चहाच्या टेबलावर चार पोरं बसली असतील तर तिघांनी पैसे घालवलेत. चौथा तेवढा बोलतोय.

रकाने वाचायचे कसे

आपल्या शहराला हे समजायला अवघड जाऊ नये. यार्नचा किंवा ग्रे कापडाचा सौदा कसा होतो? घेणारा एक भाव बोलतो, विकणारा एक भाव बोलतो, मध्ये दलाल. जमलं तर सौदा. शेअर बाजारात दलालाच्या जागी एक्स्चेंजचा संगणक बसलाय. ज्याला ज्या भावाने घ्यायचंय तो मागणी नोंदवतो, ज्याला विकायचंय तो आपला भाव नोंदवतो. या सगळ्या न झालेल्या सौद्यांची यादी म्हणजे ऑर्डर बुक. ॲपवर ‘मार्केट डेप्थ’ म्हणून जे दिसतं ते या यादीची फक्त वरची पाच-पाच पानं : सगळ्यात जास्त भाव देणारे पाच थर आणि सगळ्यात कमी भावात विकणारे पाच थर. काही ॲप वीस थर दाखवतात.

प्रत्येक ओळीत तीन आकडे असतात. भाव, त्या भावाला किती शेअर मागितलेत, आणि तेवढे शेअर किती ऑर्डर मिळून झालेत. हा तिसरा आकडा नवी पोरं बघतच नाहीत, आणि आमच्या मते तोच सगळ्यात कामाचा. २५ हजार शेअर दोनशे जणांनी मागणं वेगळं, आणि एकाच माणसाने मागणं वेगळं.

नियम सोपा आहे. चांगला भाव देणारा आधी. भाव सारखा असेल तर जो आधी आला तो आधी. रेशनच्या दुकानासारखी रांग. घेणाऱ्याच्या सगळ्यात वरच्या आणि विकणाऱ्याच्या सगळ्यात खालच्या भावातलं अंतर म्हणजे स्प्रेड. मोठ्या, रोज प्रचंड उलाढाल होणाऱ्या कंपन्यांत हे अंतर पाच-दहा पैसे असतं. छोट्या कंपन्यांत ते रुपया-दोन रुपयेसुद्धा असू शकतं, आणि नवशिक्या नेमका तिथेच जातो, कारण ‘शेअर स्वस्त आहे.’

स्क्रीनवर मोठ्या अक्षरात जो भाव चमकतो तो शेवटच्या झालेल्या सौद्याचा. तो भूतकाळ आहे. तुम्हाला त्या भावात शेअर मिळेलच असं नाही.

समजा एका शेअरचा शेवटचा भाव ४१२ रुपये ५ पैसे दिसतोय. विकणारे असे बसलेत : ४१२.१० ला ३०० शेअर, ४१२.२० ला ४५०, ४१२.३५ ला २५०, ४१२.६० ला ६००, ४१२.९० ला १,०००. घेणारे असे : ४१२.०० ला ५००, ४११.९० ला ७००, ४११.७५ ला ४००, ४११.५० ला ९००, आणि ४११.४० ला तब्बल २६,०००. आमच्या या कल्पनेतल्या पोराकडे स्वतःचे १ लाख ६५ हजार आहेत. इंट्राडेला ब्रोकर जास्तीत जास्त पाचपट देऊ शकतो (सप्टेंबर २०२१ पासून यापेक्षा जास्त देता येत नाही). म्हणजे तो सव्वाआठ लाखांचा माल उचलू शकतो. खाली २६ हजारांची भिंत बघून त्याला धीर येतो आणि तो २,००० शेअरची ‘मार्केट ऑर्डर’ टाकतो. मार्केट ऑर्डर म्हणजे, “भाव काही का असेना, मला आत्ता दे.”

संगणक त्याला ४१२.१० ला ३०० देतो, मग ४१२.२० ला ४५०, आणि असं वर वर चढत ४१२.९० पर्यंत नेतो. सरासरी पडते ४१२ रुपये ४६ पैसे. एकूण ८ लाख २४ हजार ९२७ रुपये. आता समजा लगेच त्याच्या लक्षात आलं की चूक झाली, आणि मध्ये कुणीही नवी ऑर्डर टाकली नाही. तो तसंच मार्केट ऑर्डरने विकतो. पाचशे ४१२ ला जातात, सातशे ४११.९० ला, चारशे ४११.७५ ला, उरलेले चारशे ४११.५० ला. हातात येतात ८ लाख २३ हजार ६३०.

बाजार जागचा हललेला नाही. चांगली बातमी नाही, वाईट बातमी नाही. पोराचे जवळपास १,३०० रुपये गेले. वर दोन्ही वेळची दलाली, विक्रीवरचा एसटीटी, स्टॅम्प ड्युटी, एक्स्चेंजचा आकार, जीएसटी मिळून आणखी सव्वातीनशेच्या वर. म्हणजे त्याच्या स्वतःच्या पुंजीचा जवळजवळ एक टक्का, दोन मिनिटांत, काहीही न घडता. मीटरवर मजुरी मिळणाऱ्या लूम कामगाराला एवढे पैसे कमवायला किती पाळ्या घालाव्या लागतात, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही.

यावर उपाय म्हणून ‘लिमिट ऑर्डर’ असते : “४१२.१० च्या वर मी देणार नाही.” सौदा होईल किंवा होणार नाही, पण फसगत भावाची होणार नाही. एवढी एक गोष्ट शिकली तरी नवशिक्याचे बरेच पैसे वाचतात. मात्र दिवसाला वीस-वीस सौदे करणाऱ्याला लिमिट ऑर्डरही वाचवत नाही. सेबीच्या त्याच अभ्यासात वर्षात ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांपैकी ८० टक्के तोट्यात निघाले. आणि तोट्यात गेलेल्यांनी तोट्याच्या वर आणखी ५७ टक्के रक्कम निव्वळ खर्चापोटी दिली. शंभर घालवले, सत्तावन्न वरून दिले.

भिंत खरी की खोटी

आता त्या २६ हजारांच्या ऑर्डरकडे परत येऊ.

आपल्या बाजारात दलाल फोन करून म्हणतो, “पार्टी दहा हजार मीटर उचलायला तयार आहे.” त्यावर आपली मोठी माणसं लगेच लूम वाढवत नाहीत. विचारतात, पार्टी कोण? सुरतची की इथली? पैसे कधी देणार? मागच्या वेळी माल परत केला होता तीच का? ऑर्डर बुकमध्ये हे विचारता येत नाही. तिथे नाव नसतं, चेहरा नसतो. आणि न झालेली ऑर्डर केव्हाही, फुकट, रद्द करता येते.

इथेच खेळ होतो. ज्याला शेअर महाग विकायचाय तो खरेदीच्या बाजूला मोठमोठ्या ऑर्डर टाकून ठेवतो, पण अशा भावाला की सौदा होऊ नये. बघणाऱ्याला वाटतं मागणी जबरदस्त आहे. लहान लोक घाईघाईने वरच्या भावात घेतात. मोठा माणूस त्यांनाच आपला माल विकतो आणि पुढच्या क्षणी खालची भिंत गायब. याला स्पूफिंग म्हणतात.

ही ऐकीव गोष्ट नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी सेबीने पटेल वेल्थ ॲडव्हायझर्स ही कंपनी आणि तिच्या चार संचालकांविरुद्ध अंतरिम आदेश काढला. आदेशातला ठपका असा की १७३ शेअरमध्ये ६२१ वेळा या पद्धतीने खोट्या ऑर्डर लावून उलट्या बाजूने सौदे केले गेले. ३ कोटी २२ लाख रुपये जप्त करायला सांगितले गेले. आदेश अंतरिम आहे, पण पद्धत समजण्यासाठी तो वाचण्यासारखा आहे. परदेशातलं गाजलेलं उदाहरण नविंदर सिंग सराव याचं. लंडनजवळच्या हाउन्स्लोमध्ये आईबापाच्या घरी बसून तो अमेरिकेच्या वायदे बाजारात अशाच ऑर्डर टाकायचा. ६ मे २०१० रोजी अमेरिकेचा बाजार काही मिनिटांत सुमारे हजार अंकांनी कोसळला, त्यात त्याच्या ऑर्डरींचाही हात असल्याचं तिथल्या तपास यंत्रणांचं म्हणणं होतं. २०१६ मध्ये त्याने स्पूफिंगचा गुन्हा कबूल केला.

आपल्या वाचकांना इथे एक जुना शब्द आठवायला हवा : नजश. माल घ्यायचा नाही, पण दुसऱ्याला भुलवण्यासाठी बोली वाढवायची, याला हदीसमध्ये स्पष्ट मनाई आहे. मदिनेच्या बाजारात उंट आणि खजुरांवर जे चालायचं तेच आज संगणकावर चालतं, फरक वेगाचा. चौदाशे वर्षांपूर्वी जी लबाडी नावानिशी ओळखली गेली, तिला आपल्या कायद्याने ‘फसवे व्यवहार’ म्हणून पकडायला कितीतरी उशीर झाला, हे लिहिताना आम्हाला थोडं बरंही वाटतं.

मग नवशिक्याने भिंत ओळखायची कशी? खात्रीचा मार्ग नाही. काही खुणा आहेत. एकाच किंवा दोनच ऑर्डरमध्ये प्रचंड संख्या असेल तर संशय घ्या. भाव त्या थराजवळ आला की ती ऑर्डर मागे सरकते का बघा. खरा घेणारा भाव जवळ आल्यावर पळत नाही. आणि डेप्थच्या खाली जो ‘एकूण खरेदी – एकूण विक्री’ आकडा असतो, त्यावर तर अजिबात जाऊ नका. त्यात दिवसभर लोअर सर्किटच्या भावाला टाकून ठेवलेल्या आशेच्या ऑर्डरही असतात. “बायर जास्त आहेत” हे वाक्यच मुळात चुकीचं. प्रत्येक झालेल्या सौद्यात जेवढे शेअर घेतले जातात तेवढेच विकले जातात.

उलटही घडतं. मोठा खरा विक्रेता आपली पूर्ण संख्या दाखवत नाही. नियमाने ऑर्डरचा दहा टक्के भाग उघड केला तरी चालतो. स्क्रीनवर हजार दिसतात, मागे दहा हजार असतात. म्हणजे जे दिसतं ते नसू शकतं आणि जे असतं ते दिसत नाही.

सकाळी नऊ ते नऊ वाजून आठ मिनिटांच्या प्री-ओपनमध्येही ऑर्डर टाकता आणि मागे घेता येतात. तिथे दिसणारा भाव बघून उड्या मारू नयेत, एवढंच सांगून पुढे जातो.

समोर कोण बसलंय

पोरांना वाटतं समोर आपल्यासारखाच कुणीतरी पुण्यातला, नाशिकचा माणूस आहे. तसा तो असतोही. पण बांद्रा-कुर्ला संकुलात एनएसईच्या इमारतीत, एक्स्चेंजच्या संगणकाला खेटून मोठ्या कंपन्यांचे संगणक भाड्याच्या जागेत ठेवलेले असतात. त्यांना ऑर्डर बुकमधला प्रत्येक बदल तुमच्या मोबाईलच्या कितीतरी आधी कळतो. तुमच्या ॲपवर येतं ते अधूनमधून काढलेलं चित्र. पाऊस पडत असेल, नेटवर्क गेलं असेल, लाइट गेली असेल तर आणखी जुनं चित्र.

वायदे आणि ऑप्शनमध्ये, म्हणजे एफ अँड ओमध्ये, ही दरी उघड दिसते. सप्टेंबर २०२४ च्या सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. त्याच २०२३-२४ मध्ये ब्रोकर कंपन्यांच्या स्वतःच्या खात्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी २८ हजार कोटी खर्चापूर्वी कमावले, आणि त्यातला जवळपास सगळा नफा संगणकाने आपोआप सौदे करणाऱ्यांचा होता. पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, नियम कडक करूनही सामान्यांचा तोटा ४१ टक्क्यांनी वाढून १ लाख ५ हजार ६०३ कोटींवर गेला. हे पैसे हवेत विरले नाहीत. कुणाच्यातरी खात्यात गेले.

कुणाच्या, याची एक झलक ३ जुलै २०२५ ला मिळाली. अमेरिकेच्या जेन स्ट्रीट या कंपनीवर सेबीने अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी ५७ लाख रुपये रोखले. सेबीचं म्हणणं असं की १७ जानेवारी २०२४ सारख्या बँक निफ्टीच्या एक्स्पायरीच्या दिवशी या कंपनीने सकाळी बँकांचे शेअर आणि वायदे ४,३७० कोटींचे उचलले, त्याने निर्देशांक वर ओढला गेला. त्याच वेळी ऑप्शनमध्ये त्याच्या कितीतरी पट मोठी बाजू ‘खाली जाणार’ अशी लावली. दुपारी शेअर विकून टाकले आणि निर्देशांक पडला. शेअरमध्ये थोडं नुकसान, ऑप्शनमध्ये सातशे कोटींच्या वर कमाई. कंपनीने आरोप नाकारले आहेत. आपण केलं ते बाजारातला नेहमीचा आर्बिट्राज व्यवहार होता, असं तिचं म्हणणं आहे, आणि ती दाद मागायला न्यायाधिकरणात गेली. निकाल काहीही लागो. त्या सकाळी हिरवे आकडे बघून “आज बँक निफ्टी वर जाणार” म्हणत कॉल ऑप्शन घेणारी पोरं कोणत्या बाजूला होती, हे वेगळं सांगायला नको.

हलालचा प्रश्न

हा प्रश्न आमच्याकडे येतोच. आम्ही मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण दोन गोष्टींची सरमिसळ होते ती थांबली पाहिजे. शेअर घेणं आणि इंट्राडे करणं एक नाही. चांगल्या कंपनीत हिस्सा घेऊन ठेवणं याला शर्तींसह परवानगी देणारे उलेमा पुष्कळ आहेत. त्या शर्तींवर आधारलेला बीएसई तासिस शरिया ५० हा निर्देशांक डिसेंबर २०१० मध्ये सुरू झाला होता, निफ्टीचेही शरिया निर्देशांक आहेत. इंट्राडेत मात्र अडचण कब्जाची. माल ताब्यात येण्याआधी विकायचा नाही, हा खरेदी-विक्रीचा मूळ नियम. आपल्याकडे शेअर डिमॅट खात्यात दुसऱ्या दिवशी येतात. सकाळी घेतलेला दुपारी विकला म्हणजे हातात न आलेला विकला, म्हणून अनेक मुफ्ती याला नाजायज म्हणतात. आधी विकून मग घ्यायचं, ते शॉर्ट सेलिंग, त्याहून पुढचं : स्वतःचा नसलेला माल विकणं. जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने १९९२ च्या ठरावात ऑप्शनचे सौदे आणि आपल्या मालकीचे नसलेले शेअर विकणं, दोन्हींना मनाई सांगितली आहे.

आणि व्याज. इंट्राडेच्या पाचपटीवर सहसा व्याज लागत नाही, म्हणून पोरं निश्चिंत असतात. पण तोटा झाला, “उद्या वर येईल” म्हणून माल ठेवून दिला, की ब्रोकर तो एमटीएफमध्ये टाकायचा पर्याय देतो. तिथे रोजचं व्याज चालू. पुढे अम्मीचे दागिने गहाण ठेवून आणलेले पैसे त्यात जातात. असं झालेली घरं आम्ही पाहिली आहेत. ती कुणाची, हे लिहिणार नाही.

मुंबईचा मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या-बंद होत्या भावांवर पैजा लावण्यातून. आपल्या कापडाच्या गावात ही आठवण असायला हवी. भाव खरा होता, कापूस खरा होता, पण पैज लावणाऱ्याचा ना कापसाशी संबंध होता ना गिरणीशी.

घरात करायची एक गोष्ट

पोराला रागावून ॲप डिलीट करायला लावू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं. त्याच्या शेजारी बसा. ब्रोकरच्या ॲपमध्ये नफा-तोट्याचा वर्षाचा अहवाल निघतो, ‘टॅक्स पी अँड एल’ नावाचा. तो काढायला सांगा. त्यात इंट्राडे वेगळं, एफ अँड ओ वेगळं आणि एकूण खर्च वेगळा लिहिलेला असतो. स्क्रीनशॉट नको, स्क्रीनशॉट सगळे जिंकलेल्या दिवसाचेच ठेवतात. हा अहवाल तसाही कर भरताना लागतो. इंट्राडेचा नफा-तोटा कायद्याच्या भाषेतही ‘सट्ट्याचा धंदा’ मानला जातो आणि त्यातला तोटा पगारातून किंवा दुकानाच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

अहवाल निघतच नसेल, ॲपचं नाव कधी ऐकलेलं नसेल, पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर पाठवायला सांगितले असतील, टेलिग्रामवरचे ‘सर’ रोज टिप देत असतील, तर प्रकरण शेअर बाजाराचं नाहीच. तो डब्बा किंवा सरळ फसवणूक. ब्रोकर नोंदणीकृत आहे का हे सेबीच्या वेबसाइटवर नाव टाकून दोन मिनिटांत कळतं. पैसे गेले असतील तर लाजेखातर गप्प बसू नका : सायबर फसवणुकीसाठी १९३० वर लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम थांबवणं अवघड. नोंदणीकृत ब्रोकरबद्दल तक्रार असेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर नोंदवता येते, आणि सेबीचा मोफत क्रमांक आहे १८०० २२ ७५७५.